घरच्या घरी हमस

हमस करायला अवघड नाही, पण ते घाईत होत नाही. काबुली चणे कुकरला लावायचे, लसूण, लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून मिक्सरमधून फिरवायचे, एवढ्या माहितीवर आपण करायला घेतलं तर ताटात येते ती छोल्यांची घट्ट, रवाळ चटणी. ती चवीला वाईट लागत नाही, पण बैरुत किंवा दमास्कसमधला माणूस तिला हमस म्हणणार नाही. तिकडच्या हमसचा मऊपणा दोन गोष्टींतून येतो. चणे आपल्या छोल्यांच्या उसळीपेक्षा कितीतरी जास्त शिजवलेले असतात आणि त्यात ताहिनी सढळ हातानं घातलेली असते. ताहिनी म्हणजे सोललेल्या पांढऱ्या तिळांचं गुळगुळीत, ओतता येईल असं वाटण. या दोन गोष्टी साधल्या की बाकीचं काम आपोआप सोपं होतं.

हा पदार्थ लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यातला. इजिप्त आणि सीरियातल्या १३व्या शतकातल्या पाककृतींमध्ये वाटलेल्या चण्यांचे थंड प्रकार सापडतात. इस्राएलमध्येही हमस आज घरोघरी खाल्लं जातं, पण तिथे ते याच प्रदेशातल्या अरब स्वयंपाकघरांतून पोचलं. त्यामुळे हमस कोणाचं, हा तिथे जिव्हाळ्याचा आणि भांडणाचाही विषय आहे. मे २०१० मध्ये लेबनॉनच्या आचाऱ्यांनी १०,४५२ किलो हमस एका भल्यामोठ्या थाळीत तयार करून जागतिक विक्रम केला. तो आकडा मुद्दाम निवडलेला होता, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे.

आपल्याला पाच-सहा माणसांपुरतं करायचं आहे. त्यासाठी पाव किलो सुके काबुली चणे, २०० ग्रॅम ताहिनी, चार मोठे चमचे लिंबाचा रस (तीन-चार रसदार लिंबं लागतात), लसणाच्या चार मध्यम पाकळ्या, दीड लहान चमचा मीठ, अर्धा लहान चमचा जिरेपूड, दोन लहान चमचे खायचा सोडा, अर्धी वाटी बर्फाचं पाणी आणि वरून घालायला ऑलिव्ह तेल एवढं जवळ ठेवावं. ताहिनीचा आकडा पाहून हात आखडता घेऊ नये. योतम ओतोलेंगी आणि सामी तमिमी हे दोघे जेरुसलेममध्ये जन्मलेले, एक शहराच्या ज्यू भागातला, दुसरा अरब भागातला. त्यांच्या २०१२ सालच्या ‘जेरुसलेम’ या पुस्तकात २५० ग्रॅम सुक्या चण्यांना २७० ग्रॅम ताहिनी सांगितली आहे. चमचा-दोन चमचे ताहिनी घालून हमस होत नाही, हे त्यावरून लक्षात यावं.

चणे निवडताना शक्यतो बारीक दाण्याचे घ्यावेत. बाजारात ‘डॉलर’ म्हणून विकले जाणारे टपोरे चणे छोल्यांच्या भाजीत छान दिसतात, पण हमसला दाण्याचं रूप लागत नाही. जेरुसलेम आणि याफाच्या दुकानांमध्ये बारीक चण्यांनाच मान आहे, कारण ते लवकर आणि सारखे शिजतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चणे नव्या हंगामाचे हवेत. डब्याच्या तळाशी वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला चणा कितीही शिजवला तरी मधे कडक राहतो. घरात जुनेच असतील तर त्यांची उसळ करावी आणि हमससाठी नवे आणावेत.

रात्री चणे निवडून, धुऊन मोठ्या पातेल्यात घ्यावेत. ते फुगून दुपटीहून जास्त होतात, तेव्हा पाणी चार बोटं वर हवं. या पाण्यात एक लहान चमचा सोडा विरघळवावा आणि दहा-बारा तास भिजू द्यावेत. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे रात्रीसुद्धा उकाडा असतो. तिथे पातेलं फ्रीजमध्ये ठेवावं, नाहीतर सकाळी पाण्याला फेस आणि आंबूस वास येतो. चणे आंबले असतील तर ते वापरू नयेत.

सोड्याबद्दल आपल्याकडे थोडी नाराजी असते, म्हणून तो का घालायचा ते सांगायला हवं. चण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. फळांचा जॅम ज्याच्यामुळे घट्ट होतो तेच हे. पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, असलं तर पेक्टिन लवकर सुटतं आणि दाणा आतपर्यंत मऊ होतो. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम याच्या उलट काम करतं, ते पेक्टिनला बळकट करतं. म्हणूनच एकाच दुकानातले चणे एका घरी लोण्यासारखे शिजतात आणि दुसऱ्या घरी तासभर शिट्ट्या होऊनही दाताखाली येतात. घरी जड पाणी येत असेल तर भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घ्यावं.

सकाळी भिजवलेलं पाणी फेकून चणे दोन-तीनदा स्वच्छ धुवावेत. मग ताजं पाणी आणि अर्धा ते एक लहान चमचा सोडा घालून शिजायला ठेवावेत. यापेक्षा जास्त सोडा घालू नये, कारण मग साबणासारखी चव येते आणि ती लिंबानंही जात नाही. भांडं किंवा कुकर स्टीलचा घ्यावा. अल्युमिनियमवर सोड्याचा परिणाम होतो आणि भांडं काळवंडतं. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही या टप्प्यावर नको, कारण आंबटामुळे दाणा कडक राहतो. मिठाला मात्र आपण उगाच घाबरतो, चिमूटभर मिठानं चणे शिजायचे थांबत नाहीत.

कुकर लावण्याआधी एक खबरदारी घ्यावी. सोडा घातलेल्या चण्यांना भरपूर फेस येतो. तो शिट्टीत अडकला तर वाफेची वाट बंद होऊ शकते. म्हणून कुकर अर्ध्याहून जास्त भरू नये. आधी झाकण न लावता उकळी आणावी, वर आलेला फेस आणि सालपटं झाऱ्यानं काढून टाकावीत आणि मगच झाकण लावावं. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून वीस मिनिटं ठेवावं आणि वाफ आपोआप जाऊ द्यावी. उघड्या पातेल्यात करणार असाल तर नव्या चण्यांना तीस-चाळीस मिनिटं पुरतात, काहींना तास-सव्वा तासही लागतो. उघड्या भांड्यात दाणा कधी झाला ते दिसत राहतं, म्हणून वेळ असेल तर मी तीच पद्धत सुचवीन.

आता शिजलेत का हे पाहायचं. इथेच सर्वांत जास्त हमस बिघडतं. भाजीसाठी चणा अख्खा राहून मऊ झाला की आपण गॅस बंद करतो. हमससाठी ते अर्धंच काम झालं. एक दाणा अंगठा आणि बोटात धरून अगदी हलका दाबावा. त्याचा लगदा झाला आणि बोटांना एकही कण लागला नाही, तरच चणे तयार आहेत. एकच नव्हे, पातेल्याच्या वेगवेगळ्या भागांतले पाच-सहा दाणे असे पाहावेत. थोडीही शंका आली तर आणखी दहा मिनिटं शिजवावेत. इथे जास्त शिजल्यानं काही बिघडत नाही, कमी शिजल्याचा दोष मात्र कितीही शक्तीचा मिक्सर झाकू शकत नाही.

सालं काढायची की नाही, यावर पुष्कळ लिहिलं-बोललं जातं. सोड्यात शिजलेल्या चण्यांची बरीच सालं आपोआप सुटतात. गॅस बंद केल्यावर भांड्यात गार पाणी ओतून हलक्या हातानं ढवळलं की ती वर तरंगतात, तेवढी काढून टाकावीत. दाणा दाणा सोलत बसायची गरज नाही. मूठभर चणे सजावटीसाठी बाजूला ठेवावेत आणि बाकीचे चाळणीत पूर्ण निथळू द्यावेत. पाणी अंगावर राहिलं तर वाटण पातळ होतं आणि चव फिकी पडते.

चणे शिजत असताना ताहिनी करून घेता येते. बाटलीतली विकत मिळते, तिच्यात तेल वर आणि घट्ट गाळ खाली बसलेला असतो. वापरण्यापूर्वी तळापासून नीट ढवळावी, नाहीतर पहिल्यांदा नुसतं तेल आणि शेवटी नुसता चोथा वाट्याला येतो. विकत घेताना घटकांत फक्त तीळ आहेत ना, ते पाहावं. कडू लागणारी ताहिनी हमसमध्ये आणखीच कडू लागते, म्हणून आधी बोटभर चाखून बघावी.

घरी करायची तर संक्रांतीला लाडवांसाठी आपण आणतो ते पॉलिशचे, म्हणजे साल काढलेले पांढरे तीळ घ्यावेत. सालीसकटचे गावरान तीळ पौष्टिक खरे, पण त्यांची ताहिनी काळपट आणि कडवट होते. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत, वास सुटेपर्यंतच तीळ भाजावेत. रंग पांढराच राहायला हवा. लाडवांसाठी भाजतो तसे खरपूस भाजले तर वेगळाच, तीव्र स्वाद येतो. गाझामध्ये खमंग भाजलेल्या तिळांची लालसर ताहिनी करतात, पण ती तिकडच्या इतर पदार्थांसाठी. हमसला फिकी ताहिनीच चांगली.

तीळ पूर्ण गार झाले की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालावेत. भांडं निदान एक तृतीयांश भरायला हवं, त्याहून कमी तीळ पात्यांना लागतच नाहीत, नुसते कडेला उडतात. आधी भरड पूड होईल, मग तिचा गोळा होईल आणि मग तेल सुटायला लागेल. या वेळी तिळाचं किंवा वास नसलेलं कुठलंही तेल दोन-तीन मोठे चमचे घालावं. पाणी अजिबात घालू नये. मिनिटभर फिरवायचं, थांबायचं, कडा खरवडून खाली घ्यायच्या आणि पुन्हा फिरवायचं. मिक्सर तापला तर त्याला दहा मिनिटं विश्रांती द्यावी. चमच्यातून धारेनं पडली की ताहिनी झाली. घरच्या मिक्सरची ताहिनी बाजारातल्या जात्यावरच्या ताहिनीइतकी गुळगुळीत होत नाही, पण ताजेपणात ती कुठेही कमी पडत नाही.

यानंतर लसूण. आपला लसूण झणझणीत असतो आणि कच्चा हमसमध्ये घातला तर दुसऱ्या दिवशी त्याशिवाय दुसरी चवच लागत नाही. लसणाचा तिखटपणा पाकळीत आधीपासून नसतो. पाकळी चिरली किंवा ठेचली की आतलं एक विकर, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, कामाला लागतं आणि तो तयार होतो. आम्लात हे विकर मंदावतं. म्हणून लसूण आधी ठेचून मग लिंबू पिळायचं नाही, तर लिंबाच्या रसातच, मीठ घालून, लसूण फिरवायचा. दहा मिनिटं तसाच ठेवून तो रस गाळून घ्यावा आणि चोथा टाकून द्यावा. लसणाचा सुवास राहतो, जळजळ राहत नाही. फिलाडेल्फियातल्या ‘झहाव’ या उपाहारगृहाचे शेफ मायकेल सोलोमोनोव यांच्यामुळे ही युक्ती घरोघरच्या स्वयंपाक्यांपर्यंत पोचली, आणि माझ्या मते हमसच्या अलीकडच्या युक्त्यांमधली ही सगळ्यात उपयोगी.

हा गाळलेला रस आणि ताहिनी मोठ्या वाडग्यात एकत्र करावी. इथे नवीन माणूस हमखास घाबरतो. पातळ ताहिनी लिंबाचा रस पडताच आकसते, घट्ट होते, फाटल्यासारखी दिसते. काहीही बिघडलेलं नसतं. तेलात बुडालेल्या तिळाच्या कणांना थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी मिळालं की तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात पसरतात आणि मिश्रण पुन्हा सैल होतं. म्हणून बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत, प्रत्येक वेळी घोटत जावं. चार-पाच चमच्यांनंतर तपकिरी छटा जाऊन मिश्रण पांढरंशुभ्र आणि हलकं होतं. घट्ट झाल्याचं पाहून इथे तेल ओतू नये, पाणीच घालावं.

आता चणे वाटायचे. ते कोमट असताना चांगले वाटले जातात, गार पडल्यावर आतला स्टार्च घट्ट होतो. पण कडकडीत गरम चणे मिक्सरच्या बंद भांड्यात कधीच घालू नयेत, वाफेनं झाकण उडून भाजण्याची भीती असते. हात लावता येईल इतके निवले की आधी नुसते चणेच फिरवावेत. घट्ट, कोरडा लगदा होऊ द्यावा. मग ताहिनीचं मिश्रण आणि जिरेपूड घालून पुन्हा फिरवावं. बैरुतच्या बऱ्याच घरांत जिरं घालत नाहीत, तेव्हा नसलं तरी चालतं. सुरुवातीलाच पाणी घातलं की कण पात्यांपासून निसटतात आणि हमस रवाळ राहतं.

मधेमधे थांबून, कडा खाली घेत, एकूण चार-पाच मिनिटं तरी फिरवावं. घट्ट वाटलं तर बर्फाचं पाणी चमच्या-चमच्यानं घालावं. ताज्या श्रीखंडाहून थोडं सैल झालं की थांबावं. आत्ता किंचित पातळ वाटेल, पण अर्ध्या तासात ते आळून येतं. जिभेवर कण लागत असतील तर दोन कारणं असतात, चणे कमी शिजलेत किंवा घरची ताहिनी भरड राहिली आहे. मिक्सरवर आणखी जोर देण्याऐवजी अशा वेळी वाटण मोठ्या चाळणीतून चमच्यानं दाबून गाळून घ्यावं. थोडा वेळ जातो, पण हमस वाचतं.

ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये घालायचं नाही. अस्सल ऑलिव्ह तेल वेगानं घुसळलं की कडवट होतं, शिवाय चण्यांना लागणारा स्निग्धपणा ताहिनीनं आधीच दिलेला असतो. ते वरून घालायचं.

आता चव बघावी आणि घाईनं निर्णय घेऊ नये. अगदी ताजं हमस थोडं सपक आणि विस्कळीत लागतं. झाकून अर्धा तास ठेवलं की तिळाची, लिंबाची आणि चण्याची चव एकमेकींत मिसळते. त्यानंतर मीठ आणि लिंबू कमी-जास्त करावं. फिकं लागलं तर बहुतेक वेळा मीठ कमी असतं, लिंबू नव्हे. आंबट जास्त झालं तर चमचाभर ताहिनी घालावी, साखर घालू नये.

वाढण्यासाठी खोल वाडगा नको, पसरट ताटली घ्यावी. मधोमध हमस घालून चमच्याच्या पाठीनं गोल फिरवत कडेला ढकलावं, म्हणजे मधे खळगा तयार होतो. त्यात बाजूला ठेवलेले चणे कोमट करून घालावेत, वर दोन-तीन चमचे चांगलं ऑलिव्ह तेल, चिमूटभर काश्मिरी मिरचीपूड आणि बारीक चिरलेली पार्सली. सुमाक, म्हणजे तिकडच्या एका झुडपाच्या आंबट फळांची जांभळट पूड, मिळाली तर तीही भुरभुरावी. फ्रीजमधून काढून थेट वाढू नये. थंड हमसला चव नसते, ते खोलीच्या तापमानाचं किंवा कोमट हवं.

जेरुसलेम आणि याफामध्ये हमस हा सकाळच्या नाश्त्याचा पदार्थ आहे. हमसची जुनी दुकानं सकाळी उघडतात आणि पातेलं रिकामं झालं की बंद होतात. ताटलीबरोबर गरम पिटा, कच्च्या कांद्याच्या फोडी, खारवलेली काकडी, ऑलिव्ह आणि बीटमुळे गुलाबी झालेलं सलगमचं लोणचं येतं. कांद्याची पाकळी चमच्यासारखी वापरून तिनं हमस उचलायचं, हे एकदा करून बघावंच. काही ठिकाणी लिंबाचा रस, लसूण आणि हिरवी मिरची यांचं पातळ पाणी वाटीतून देतात, त्याला ततबिला म्हणतात. आपल्या जिभेला ते लगेच आवडतं.

पिटा नसेल तर जाडसर तंदुरी रोटी किंवा साधा कुलचा गरम करून घ्यावा. पोळी फार पातळ पडते. गाजर-काकडीच्या फोडीही चालतात. जेवणातला मुख्य पदार्थ करायचा असेल तर लेबनॉनमध्ये मधल्या खळग्यात परतलेलं मटण आणि तुपात तळलेले चिलगोजे घालतात. आपल्याकडे मटणाचा खिमा मीठ, मिरी आणि किंचित दालचिनी घालून कोरडा परतला तरी तेच समाधान मिळतं. शाकाहारी घरात अळंबी खमंग परतून घालावी. हमसमध्येच बीट, पालक, आवाकाडो मिसळण्याची पद्धत अलीकडे आली आहे. ते रंगीत दिसतं, पण पहिल्या काही वेळा तरी साधंच करावं. साधं हमस जमलं की त्यात काय घालायचं आणि काय नाही, ते आपल्यालाच कळू लागतं.

डब्यातले शिजवलेले चणे वापरायचे असतील तर ते धुऊन, ताज्या पाण्यात पाव चमचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटं उकळावेत. ते सॅलडच्या हिशोबानं शिजवलेले असतात, हमसच्या नव्हे.

उरलेलं हमस झाकणाच्या डब्यात, वर तेलाचा पातळ थर देऊन फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी, कारण शिजलेले चणे फार लवकर आंबतात. दुसऱ्या दिवशी घट्ट झालं तर चमचाभर कोमट पाणी घालून घोटलं की पूर्ववत होतं. पाहुण्यांना वाढण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नक्की विचारावी. तिळाची ॲलर्जी काही जणांना तीव्र स्वरूपात असते, आणि हमसच्या ताटलीत तीळ डोळ्यांना कुठेच दिसत नाहीत.